गावाची शीव वेगळी, पाण्याची वेगळी! पाणलोटाची हद्द कशी काढतात?

पद्मश्री पोपटराव पवार यांच्या हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. त्यावरून रब्बीची पिके ठरतात. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे 977 हेक्टर, म्हणजे 100 मिमी पावसात 97.7 कोटी लिटर. क्षेत्र 10 टक्के चुकले, तर जवळपास 10 कोटी लिटरचा घोळ!

मेख इथेच आहे. गावाची शीव महसूल खात्याने आखलेली. पाणी मात्र उतार बघते. डोंगरमाथ्याची जी रेघ पाणी दोन बाजूंना वाटते, ती पाणलोटाची हद्द.

ती साध्या लॅपटॉपवर काढता येते. इस्रोच्या ‘भुवन’ पोर्टलवर कार्टोसॅट उपग्रहाचा उंचीचा नकाशा मोफत मिळतो. तो लहान लहान चौकोनांचा असतो. ‘क्यूजीआयएस’ हे मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक चौकोनाच्या आठ शेजाऱ्यांपैकी सर्वाधिक उतार कुणाकडे आहे ते पाहते. ओढ्यावरचा एक बिंदू द्या. तिथवर पाणी आणणारे सगळे चौकोन म्हणजे त्या बिंदूचा पाणलोट.

पण चौकोन साधारण 30 मीटरचा. समतल चर, बांध, रस्त्याखालची मोरी त्यात दिसत नाही. शिवाय हिशेबाआधी खोलगट जागा बुजवल्या जातात, त्यात पाझर तलावही सपाट होऊ शकतो. त्यामुळे नकाशा घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालावे लागतेच. पावसात पाणी कुठे वळते, हे वाटेत भेटलेल्या गुराख्याला विचारलेले उत्तम.