डोंगराआडचा टीव्ही, रिचार्जविना



मागच्या महिन्यात पाटणच्या बाजूला एका गटाच्या बैठकीला गेले होते. वह्या बघताना एका वहिनींच्या नावापुढे सहाशे रुपयांचं अंतर्गत कर्ज दिसलं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ‘डिश’. मी विचारलं, नवी डिश घेतली का? त्या म्हणाल्या, “नाही ओ ताई, डिश जुनीच आहे, ती फ्रीवाली. पण चार-पाच चॅनल एकाएकी गेले. एक माणूस आला, म्हणाला वर्षाचं रिचार्ज संपलंय. सहाशे घेतले, रिमोटवर कायतरी दाबलं, पाच मिनिटांत चॅनल आले बघा.”

मैत्रिणींनो, फ्री डिशला रिचार्ज नसतंच. महिन्याचं नाही, वर्षाचं नाही, कधीच नाही. त्या माणसानं रिमोटवरून ‘चॅनल शोधा’ एवढंच केलं होतं. ते काम वहिनींच्या सातवीतल्या पोराला जमलं असतं. आणि वहिनी त्या सहाशेवर गटाला महिन्याला दोन टक्के व्याज भरत होत्या. म्हणून आजचा विषय हा घेतलाय.

आधी ही डिश आली कुठून ते सांगते. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीनं, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी ज्यांच्याकडे आहे त्या संस्थेनं, ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाची सेवा सुरू केली. तिलाच आता डीडी फ्री डिश म्हणतात. एकदा डिश, बॉक्स आणि वायर घेतली की झालं. साधारण दोन हजारांच्या आत-बाहेर खर्च येतो, त्यानंतर कुणाला काही द्यायचं नाही. मग यांना परवडतं कसं, असं एका बैठकीत आजींनी विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. खासगी चॅनलवाले या डिशवर जागा मिळावी म्हणून प्रसार भारतीला पैसे मोजतात, त्या जागांचा लिलाव होतो. म्हणजे पैसे भरले जातात, पण ते आपण नाही भरत. मात्र लिलाव म्हटला की अदलाबदल आलीच. एप्रिलच्या सुमारास काही चॅनल जातात, काही नवे येतात, काही जागा बदलतात. वहिनींचं नेमकं हेच झालं होतं. सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी किसान हे दूरदर्शनचे आपले चॅनल मात्र लिलावावर अवलंबून नाहीत, ते राहतात.

आता सिग्नलचं. “आमच्याकडं मोबाईलला रेंज नाही, टीव्ही कुठनं येणार?” हे मी जावळीत, पाटणात, शिराळ्याच्या वरच्या गावांत कितीदा ऐकलंय. आपल्याला जुना अनुभव असतो. मी लहान असताना घराच्या कौलांवर अँटेना होता. चुलतभाऊ वर चढून तो फिरवायचा, आम्ही खालून ओरडायचो, “आलं, आलं, गेलं!” तो सिग्नल जमिनीवरच्या मनोऱ्यावरून यायचा. मध्ये डोंगर आला की संपलं. मोबाईलचंही तेच, आणि आपल्या सामुदायिक रेडिओचंही तेच. म्हसवडचं माणदेशी तरंग असो की जतमधल्या जालिहाळची येरळा वाणी, दहा-पंधरा किलोमीटरनंतर खरखर सुरू होते. तो अँटेना आता ठेवूनही उपयोग नाही, कारण दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे जवळपास सगळे मनोरे २०२१ च्या अखेरीपर्यंत बंद झाले.

डिशचा सिग्नल मात्र वरून येतो. जीसॅट-१५ नावाचा आपला उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, त्यामुळे आपल्याला आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा. सातारा-सांगलीतून बघितलं तर ती जागा आग्नेयेला येते. वास्तूवाले ज्या कोपऱ्यात चूल मांडायला सांगतात, तीच दिशा. वास्तू मानायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, दिशा तेवढी लक्षात ठेवा. आणि उंची? समोर क्षितिज म्हणजे शून्य आणि डोक्यावर ९० अंश धरलं, तर तो साधारण ६० अंशांवर आहे. म्हणजे बराच वर.

या ६० अंशांतच सगळं गुपित आहे. डिशपासून १० फुटांवर असलेली वस्तू १७ फुटांपेक्षा उंच असेल तरच ती आड येते. १०० फुटांवर असेल तर ती १७० फूट उंच हवी. म्हणून समोरचा डोंगर बहुतेक वेळा आड येतच नाही. आड येतो तो घराला चिकटून वाढलेला फणस, आंबा, शेजारच्यांची गच्ची, नाहीतर आपल्याच पडवीचं छप्पर. एखादं घर कड्याच्या अगदी मुळाशी असेल आणि कडा आग्नेयेलाच असेल, तर अडचण. अशी घरं थोडी.

याचा दुसरा फायदा बायकांच्या दृष्टीनं मोठा आहे. डिश छपरावरच लावली पाहिजे असं काही नाही. अंगणात, परसात, गोठ्याच्या कडेला, जिथून आग्नेयेचं आकाश मोकळं दिसतं तिथं जमिनीत पाइप रोवून लावली तरी चालते. पत्र्यावर चढायला नको, घरातल्या पुरुषमाणसाची वाट बघायला नको. शेळ्यांपासून जपायला भोवती काटेरी कुंपण केलं की झालं. साठ-सत्तर फूट वायर सहज चालते.

जागा बरोबर आहे का हे बघायची एक युक्ती आहे. मार्चच्या १२-१३ तारखेच्या आसपास सकाळी सव्वाअकराला, आणि सप्टेंबर संपताना अकराला थोडी कमी असताना, सूर्य आपल्याकडून बघता बरोब्बर त्या उपग्रहाच्या जागी येतो. त्या वेळी जिथं स्वच्छ ऊन पडलंय तिथून उपग्रह दिसणार. जिथं सावली आहे तिथं डिश लावू नका. त्याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र अडखळतं, कारण सूर्यच सिग्नलच्या मागे उभा असतो. तो बिघाड नाही. त्यासाठी कुणाला बोलवाल आणि तो पैसे घेऊन जाईल, तोवर चित्र आपसूक आलेलं असेल.

आता प्रत्यक्ष लावणं. पाइप सरळ उभा पाहिजे, गवंडी ओळंबा लावतो तसा दोरीला दगड बांधून बघा. पाइप कलता असेल तर पुढचं सगळं चुकतं. मोबाईलमधलं होकायंत्र रेंज नसतानाही चालतं. त्यात १३० अंश दाखवेल तिकडे डिशचं तोंड करा. फक्त मोबाईल लोखंडापासून चार पावलं लांब धरून बघा, नाहीतर तो खोटं सांगतो. डिश किती कलवायची यात सगळे फसतात. उपग्रह एवढा वर असला तरी डिश आकाशाकडे उताणी दिसत नाही. सूप जरा मागे कलतं धरावं तशी दिसते, कारण या डिशचा आकारच असा असतो की सिग्नल खालच्या बाजूला, पुढच्या दांड्यावर बसवलेल्या डब्यावर जाऊन पडतो. त्या डब्याला दुरुस्तीवाले एलएनबी म्हणतात.

मग एकीनं टीव्हीसमोर बसायचं आणि बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडायचं. तिथं दोन पट्ट्या दिसतात. पहिली, स्ट्रेंग्थ, हिच्यावर भुलू नका. वायर नीट जोडली आणि एलएनबीला वीज पोचली की ती पट्टी भरते. म्हणजे चूल पेटली एवढंच, भाकरी अजून भाजायची आहे. दुसरी पट्टी क्वालिटीची. योग्य उपग्रह सापडल्याशिवाय ती हलत नाही. दुसरीनं बाहेर डिश अगदी हळू फिरवायची. दोन फुटी डिशची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की दिशा एक अंशानं बदलते. तेवढंच सरकवा, पाच आकडे मोजा, मग पुन्हा तेवढंच. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. घाईनं फिरवणारीच्या हातून तो निसटून जातो आणि मग “आमच्याकडं येतच नाही” असं ठरतं. क्वालिटी आली की डावी-उजवीकडे, वर-खाली थोडं करून सगळ्यात जास्त कुठं येते ते बघा आणि तिथं पान्यानं नट आवळा. आवळताना पुन्हा हलते, तेव्हा आतल्या बाईची नजर पट्टीवर असू द्या.

एकदा लागली की बिघाडाची कारणं थोडी असतात, पण ती प्रत्येक भागात वेगळी. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे जोराचा पाऊस सुरू झाला की चित्राचे चौकोन होतात आणि मग जातं. काळ्या ढगातून हा सिग्नल अशक्त होऊन येतो. पाऊस ओसरला की परत येतो, हात लावू नका. वारंवार होत असेल तर दोन फुटीऐवजी तीन फुटी डिश लावावी, फरक पडतो. वांकुसवडे, चाळकेवाडीच्या पठाराकडे वाऱ्यानं नट सैल होतात, पवनचक्क्या उगीच तिथं नाहीत उभ्या केल्या. माण-खटाव, जत, आटपाडीकडे उन्हानं वायरचं वरचं वेष्टण तडकतं. आणि वानरं सगळीकडे. डिश त्यांना झोका वाटते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

पावसाळा संपला की आणखी एक बघायचं. एलएनबीला वायर जोडलेली असते तिथला पिना उघडून बघा. हिरवट गंज दिसला तर वायरचं टोक कापून नव्यानं जोडा आणि चिकटपट्टी गुंडाळा. वायर घरात शिरायच्या आधी खाली लोंबती वेटोळी ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, आत जात नाही. हे सगळं बॉक्सची वीज बंद करून. आणि ओल्या पत्र्यावर किंवा वीज कडाडत असताना डिशजवळ कुणी जाऊ नये. एका मालिकेसाठी तेवढं करू नये.

ज्यांच्या घरावर खासगी कंपनीची डिश पडून आहे, रिचार्ज परवडत नाही म्हणून बंद केलेली, त्यांनी नवी डिश घ्यायची घाई करू नये. बहुतेक वेळा तीच डिश आणि तीच वायर चालते. प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळ्या जागी असल्यानं ती फिरवावी लागते, आणि बॉक्स फ्री डिशचा घ्यावा लागतो. एलएनबी जमला नाही तर तेवढा बदलायचा. बॉक्स घेताना दुकानदाराला “एमपेग-४ आहे का” एवढंच विचारा. जुना एमपेग-२ स्वस्तात गळ्यात मारतात, त्यावर कमी चॅनल दिसतात. घरी येऊन “सरकारी मोफत बॉक्स, फक्त नोंदणीचे पैसे द्या” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०२३ च्या जानेवारीत केंद्रानं आठ लाखांहून जास्त बॉक्स मोफत द्यायचं मंजूर केलं हे खरं, पण ते दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमेवरच्या भागांसाठी. खात्री ग्रामपंचायतीत करा.

यावर बघायला काय मिळतं, असंही विचारतात. खासगी मराठी चॅनल वर्षागणिक बदलतात, म्हणून मी नावं सांगत नाही. तुमची आवडती मालिका नसेलही, ते आधीच सांगते. पण सह्याद्रीवर शेतीचे कार्यक्रम आहेत, आकाशवाणीची बरीच केंद्रं याच डिशवर स्वच्छ ऐकू येतात, आणि मुलांसाठी पीएम ई-विद्याचे अभ्यासाचे चॅनल आहेत. २०२० च्या जुलैत शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं होतं, पहिली ते आठवीसाठी. मोबाईलला रेंज नव्हती त्या वाड्यांतली पोरं डिश असलेल्या एका घरात जमायची. वीज गेली की मात्र टीव्हीही जातो, तेव्हा सेलवरचा रेडिओ टाकून देऊ नका.

त्या वहिनींच्या घरी बैठकीनंतर आम्ही सहा-सातजणी गेलो. रिमोटवर मेनू, मग इन्स्टॉलेशन, मग ऑटो स्कॅन. काही बॉक्सवर पासवर्ड विचारतात, तो बहुधा चार शून्य असतो. पुढच्या वर्षी चॅनल गेले की काय करायचं ते वहिनींनी स्वतःच्या हातानं तीनदा करून बघितलं. सहाशेपैकी चारशे अजून फेडायचे आहेत. तो माणूस पुन्हा आला तर त्याला बसवून ठेवा आणि मला फोन करा, असं गटाच्या अध्यक्षांनी सांगितलंय.