हिंगण्याचा शब्द: एका संस्थेच्या लोकसंपर्काचा मागोवा

कोणताही व्यवहार, मग तो पेढीचा असो, कारखान्याचा असो की लोकाश्रयावर चालणाऱ्या संस्थेचा असो, अखेर दोन गोष्टींवर उभा राहतो: आपल्याजवळ देण्याजोगे काय आहे, आणि ज्यांना ते द्यावयाचे त्यांच्यापर्यंत आपला शब्द कोणत्या वाटेने पोहोचतो. पहिल्या गोष्टीची चिंता सारेच वाहतात. दुसरीची निवड मात्र बहुधा हाताशी सापडेल त्या साधनावर सोपवली जाते. आज कर्वेनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिंगणे बुद्रुक येथे धोंडो केशव कर्वे यांनी जी संस्था वाढवली, तिचा पूर्वेतिहास या दृष्टीने कोणाही व्यावसायिकाने अभ्यासावा अशा योग्यतेचा आहे.

१८९३ साली कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि आपल्या मुरुड गावच्या लोकांचा बहिष्कार ओढवून घेतला. तीनच वर्षांनी, १८९६ साली, त्यांनी अनाथबालिकाश्रमाची स्थापना केली, तेव्हा ज्या घरांतून विधवा मुली यावयाच्या आणि ज्या घरांतून वर्गणी यावयाची, त्या घरांत त्यांच्या नावाविषयी किंतु होता. अशा वेळी त्यांनी जी पहिली तजवीज केली ती साधनाची नव्हे, तर आशयाची होती: आश्रमाचे काम त्यांनी पुनर्विवाहाच्या प्रचारापासून विचारपूर्वक अलग ठेवले. पुनर्विवाहावरील त्यांची निष्ठा रतिमात्रही उणी झाली नव्हती. परंतु विधवेला शिकवावे एवढेच मान्य करू शकणाऱ्या गृहस्थापुढे एकच मागणी ठेवावी, दोन ठेवू नयेत, हे तारतम्य त्यांना होते.

१९०० साली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले, आणि आश्रम पुण्याच्या वस्तीपासून दूर, निर्जन माळावर आला. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन आटोपून कर्वे पावसाळ्यातही चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जात. सुट्ट्या लागल्या की वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. ते वक्ते नव्हते, स्वभावाने संकोची होते. व्यासपीठावर जो प्रभाव त्यांना पाडता आला नसता, तो त्यांच्या समक्ष भेटीने पाडला. कारण आपली शिल्लक पुंजी आधीच आश्रमास वाहून मग दुसऱ्यापुढे हात पसरणाऱ्या माणसास स्वतःच्या सचोटीचा निराळा दाखला द्यावा लागत नाही.

तथापि जेथे कर्वे स्वतः पोहोचू शकत नव्हते तेथे कोणी जावे, हा प्रश्न उरलाच. माजघरातील स्त्रियांशी परपुरुषाने बोलावे असा तो काळ नव्हता. ते काम कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी केले. प्रौढ वयात अक्षरओळख झालेल्या, स्वतः वैधव्य भोगलेल्या या बाई गावोगाव व्याख्याने देत आणि फंड जमवीत फिरल्या, पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. सोवळ्या वेषातील विधवा जेव्हा घरच्या बायकांत बसून शिक्षणाची गोष्ट सांगे, तेव्हा पदवीधराच्या तर्कशुद्ध भाषणाने जे साधले नसते ते साधे. ऐकणारीला बोलणारीत आपलीच कोणी दिसे.

समक्ष भेटीने उघडलेले दार उघडे ठेवण्याचे काम कागदाने केले. आश्रमाचे वार्षिक अहवाल छापले जात आणि त्यांतून जमाखर्च लोकांपुढे येई. दिलेल्या पैशाची वासलात कशी लागली याची रुजुवात देणाऱ्यास घरबसल्या करता येई. छापील कागदाचे सामर्थ्य कर्व्यांनी स्वतःही अनुभवले होते. टपालाने आलेली, जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांनी प्रथम बाजूस ठेवली होती. १९१५ साली सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदाची तयारी करताना ती पुन्हा हाती आली, आणि तिच्यातून मातृभाषेच्या माध्यमाने शिकवणाऱ्या विद्यापीठाची कल्पना निघाली. १९१६ साली ते विद्यापीठ पाच विद्यार्थिनींनिशी हिंगण्यास सुरू झाले, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊ केली.

योगायोग असा की, त्याच १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ ही तेथल्या नांगरांच्या कारखान्याची पत्रिका निघू लागली. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे ज्यांचे नांगर प्रारंभी पडून राहिले होते, त्या किर्लोस्करांना ग्राहकाच्या मनातील भ्रम काढल्यावाचून माल खपत नाही हे अनुभवाने कळले होते. त्या खबरेतूनच शंकरराव किर्लोस्करांनी पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाणारे मासिक घडवले. कारखानदार आणि आश्रमचालक यांचे मार्ग भिन्न; पण समोरच्याची शंका कोठे अडली आहे ते आधी शोधावे, ही दृष्टी एकच.

मोठ्या देणग्या आल्या तरी हिंगण्याने लहान देणगीदार सोडला नाही. भाऊबीज फंडाची योजना याच जाणिवेतून आली. दिवाळीच्या सुमारास संस्थेचे कार्यकर्ते घरोघर जात, शिकणाऱ्या बहिणींसाठी ओवाळणी मागत, आणि मिळालेल्या लहानशा रकमेची पावती तेथल्या तेथे फाडून देत. मागण्याला सणाचे निमित्त, नात्याचा आधार आणि पावतीची शिस्त, अशा तिन्ही गोष्टी या एका रीतीत एकत्र आल्या. कारकुनाच्या घरचा रुपयाही नोंदला जातो, हे ज्याने एकदा पाहिले तो पुढल्या वर्षीही दार उघडत असे.

१९६२ साली कर्वे निवर्तले; त्याच वर्षी शेजारच्या कोथरुडास किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी आली. कमिन्सच्याच साहाय्याने १९९१ साली संस्थेने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. आज या परिसरात उद्योग करणाऱ्यांच्या हाती मोबाइल, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आहेत. एक मजकूर क्षणात हजारांना जातो आणि बहुतेकांकडून न वाचताच पुसला जातो. साधने वेगवान झाली म्हणून निवडीची जबाबदारी सरली नाही, उलट वाढली आहे. नव्या माणसाचा विश्वास संपादावयाचा असेल तर स्वतः जावे. जेथे आपण परके ठरू तेथे त्यांच्यातील कोणास पाठवावे. जे पुन्हा पडताळावे लागेल ते लेखी द्यावे. आणि ज्याच्याकडून काही घेतले त्यास त्याचा हिशेब मागण्याआधी पोहोचवावा. हिंगण्याच्या संस्थेने हे क्रमाक्रमाने शिकून आचरिले, म्हणूनच बहिष्कृत माणसाने झोपडीत मांडलेला व्यवहार शतकाहून अधिक काळ टिकला.