कापशाच्या पाण्याचा ताळेबंद

बँकेत सदतीस वर्षे नोकरी केल्यानंतर माणसाच्या हातून दोन सवयी सुटत नाहीत. पहिली, दिसलेला आकडा लिहून ठेवण्याची. आणि दुसरी, लिहिलेल्या आकड्यावर लगेच विश्वास न ठेवण्याची. निवृत्तीनंतर या दोन्ही सवयींचा उपयोग एका सशासाठी होईल, असे मला कधी वाटले नव्हते.

सांगलीच्या आमच्या घरी नातीच्या हट्टामुळे एक पांढरा ससा आला. तिने त्याचे नाव कापशा ठेवले. पहिले सहा महिने आनंदात गेले. पुढे तो वयात आला आणि घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत, पडद्यांवर, एकदा तर चिरंजीवांच्या दुकानाच्या वहीवरही लघवीचे फवारे मारू लागला. नातीच्या मैत्रिणीकडील मादी ससा त्याच्या सोबतीला आणण्याचा बेत होता. परंतु सशाची मादी एका महिन्यात विते आणि पुन्हा लगेच गाभण राहू शकते, हे ऐकल्यावर त्या पिल्लांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. पशुवैद्य डॉक्टरांनी निर्बीजीकरणाचा सल्ला दिला.

सौभाग्यवतींचा या गोष्टीला विरोध होता. ‘अहो, अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत छेद सांगितलेला आहे. मुक्या जिवाच्या अंगाला शस्त्र लावायचे ते आपल्या सोयीसाठीच ना?’ असा त्यांचा सरळ प्रश्न होता. माझ्यापाशी त्याचे पुरेसे उत्तर नव्हते. जन्माला घालून वाऱ्यावर सोडली जाणारी पिल्ले एका बाजूस आणि भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया दुसऱ्या बाजूस, एवढेच मी त्यांच्यापुढे मांडले. त्या गप्प राहिल्या. परंतु ती संमती नव्हती.

होळीच्या आधल्या आठवड्यात शस्त्रक्रिया पार पडली. तत्पूर्वी दहा दिवस कापशाचे पाणी मोजून लिहिण्याचे काम मी नातीकडे दिले होते. पिंजऱ्याला उलटी टांगलेली नळीची बाटली सकाळी सात वाजता भरायची आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता किती उरले ते पाहायचे. ससा मुख्यतः संध्याकाळी, रात्री व पहाटे हालचाल करतो आणि तेव्हाच अधिक पाणी पितो. म्हणून हिशेब सकाळपासून सकाळपर्यंतच धरावा लागतो. आपण सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य करतो, पण सशाचे भांडे रात्री भरलेलेच असले पाहिजे. दहा दिवसांची सरासरी १६० मिली आली. कापशाचे वजन दोन किलो. निरोगी ससा दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिली पाणी पितो; म्हणजे कापशासाठी १०० ते ३०० मिलीची मर्यादा. आमचा आकडा त्यात बसत होता.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सकाळी बाटलीतून जेमतेम १० मिली पाणी कमी झाले होते. गवताला तोंड लावलेले नव्हते. लेंड्या चार-पाचच, त्याही बारीक. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, आणि ते मला अधिक लागले.

सशाच्या बाबतीत ही स्थिती किती गंभीर असते, हे पाळणाऱ्यांनी नीट समजून घ्यावे. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. वेदना, भीती किंवा पाण्याची कमतरता यांमुळे त्याने खाणे थांबवले की आतड्यांची गती मंदावते, आतला चोथा सुकतो, वायू धरतो, आणि मग त्याला खावेसेच वाटत नाही. बारा तास काही न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण समजावा. शिवाय शस्त्रक्रियेनंतर दिली जाणारी काही वेदनाशामके शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण आणतात. म्हणून औषध चालू असताना पाण्याकडे दुहेरी लक्ष हवे.

डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘कॉलर घातलेल्या गळ्याने त्याचे तोंड बाटलीच्या नळीपर्यंत पोहोचते का?’

आम्ही पाहिले. पोहोचत नव्हते. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली ती शंकूच्या आकाराची कॉलर पिंजऱ्याच्या जाळीला अडत होती आणि नळी तोंडापासून दोन बोटे दूर राहत होती. रात्रभर कापशा पाण्यासमोर तहानलेला बसला होता. छेदाच्या दोषावर आम्ही आठवडाभर चर्चा केली. परंतु त्याच पाच अतिचारांतील शेवटचा, अन्नपाननिरोध, आमच्या डोळ्यांदेखत घडत होता आणि तो कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. तो दोष शस्त्रक्रियेचा नव्हता, आमच्या दुर्लक्षाचा होता.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॉलर काढली, आळीपाळीने त्याच्याजवळ बसून जखमेवर लक्ष ठेवले आणि पाणी चिनी मातीच्या उथळ, जड वाडग्यात ठेवले. पाच मिनिटांत त्याने वाडग्याला तोंड लावले. कॉलरमुळे आणखी एक अडचण होते. ससा आपल्या मऊ लेंड्या थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. हा त्याच्या पोषणाचाच भाग आहे, आणि कॉलर असताना तेही जमत नाही. दुपारी पाण्यात भिजवून पातळ केलेला खुराक पिचकारीने थोडा-थोडा दिला. संध्याकाळी त्याने गवत खाल्ले. तिसऱ्या दिवशी पाण्याचा आकडा १२० वर आला आणि घरात पुन्हा बोलणे सुरू झाले.

खरी परीक्षा मात्र चौथ्या आठवड्यात आली. वाडगा रोज २७० मिलीने रिकामा होऊ लागला. लघवीचा ट्रे पूर्वीपेक्षा जड लागे. सौभाग्यवतींना खात्री वाटू लागली की शस्त्रक्रियेने त्याच्या मूत्रपिंडांना अपाय झाला. घरी आलेल्या एका पाहुण्यांनी रात्रीचे पाणी बंद करण्याचा सल्ला दिला. तो आम्ही मानला नाही. सशाचे पाणी तोडणे हा कोणत्याही तक्रारीवरचा उपाय नव्हे. अन्नातील जास्तीचे कॅल्शियम तो मूत्रावाटे टाकतो. पाणी कमी पडले तर ते मूत्राशयात दाट गाळासारखे साचू शकते.

शाखेत असताना एखाद्या खात्यात अचानक फरक दिसला, तर अफरातफरीचा संशय घेण्यापूर्वी आम्ही सर्व नोंदी समोर ठेवून ताळा पाहत असू. तोच मार्ग मी येथे धरला. शस्त्रक्रियेखेरीज त्या महिन्यात आणखी काय काय बदलले, याची यादी नातीला करायला सांगितली.

पहिला बदल भांड्याचा. बंद बाटलीतले पाणी हवेत उडत नाही. उघड्या वाडग्यातले उडते. आम्ही तसाच दुसरा वाडगा भरून पिंजऱ्याबाहेर, कापशा पोहोचणार नाही अशा जागी ठेवला. चोवीस तासांत तो ३० मिलीने उणा झाला. म्हणजे प्यायलेले पाणी २४० मिली.

दुसरा बदल आहाराचा. मेथी-कोथिंबीर महागली, कोमेजलेली येऊ लागली, तेव्हा सूनबाईंनी पाला १६० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर आणून वाळलेले गवत वाढवले होते. पाल्यात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असते. त्यामुळे पाल्यातून मिळणारे सुमारे ७० मिली पाणी बंद झाले, ते कापशा वाडग्यातून भरून काढत होता. उरले १७०. पूर्वीच्या १६० हून फक्त १० अधिक. उन्हाळा चढला होता, आणि नळीतून थेंब-थेंब चोखण्यापेक्षा वाडग्यातून पिणे सशाला सोपे जाते. तो फरक मी या दोघांच्या नावे टाकला.

राहिला ट्रे. त्याचे उत्तर नातीनेच दिले. ‘आजोबा, तो आता पडद्यावर करत नाही ना!’ पूर्वी घरभर विखुरलेली लघवी आता एकाच ट्रेमध्ये जमा होत होती. मूत्र वाढले नव्हते, त्याची जागा बदलली होती.

तरीही कागदावरच्या ताळ्यावर विसंबून न राहता डॉक्टरांकडून वजन, मूत्र व रक्त तपासून घेतले. सर्व ठीक निघाले. निर्बीजीकरणाने तहान वाढते असा काही नियम नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. या शस्त्रक्रियेनंतर वजन मात्र वाढू शकते, म्हणून खुराकाच्या गोळ्या मोजून द्याव्यात. चिरंजीवांच्या दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर रविवारी कापशाचे वजन होते. नराच्या शरीरात शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे प्रजननक्षमता टिकून राहते, म्हणून मादीला तोपर्यंत आणले नाही. तिचीही शस्त्रक्रिया करावी, असे डॉक्टरांचे मत पडले. कारण वय वाढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. तो निर्णय नातीच्या मैत्रिणीच्या घरच्यांनी घ्यायचा आहे.

ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांना एवढेच सुचवतो. शस्त्रक्रियेपूर्वी आठ-दहा दिवस पाणी, आहार व वजन लिहून ठेवा; आधीची शिल्लक ठाऊक नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. भांडे त्याच काळात बदलू नका, बदललेच तर नोंद करा. कॉलर घातली असेल तर तो प्रत्यक्ष पाणी पितो का, हे स्वतः बसून पाहा. पाणी दर किलोमागे १५० मिलीहून अधिक सतत जात असेल, सोबत वजन घटत असेल, लघवी पांढरी व दाट येत असेल किंवा ती करताना तो कुंथत असेल, तर घरगुती तर्क न करता डॉक्टरांकडे जा. खाणे किंवा लेंड्या थांबल्या तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

सौभाग्यवतींनी छेदाविषयीचे आपले मत बदललेले नाही आणि मीही त्यांना ते बदलण्यास सांगितलेले नाही. मात्र रोज सकाळी सात वाजता घरातील गाळलेल्या पाण्याचा पहिला वाडगा त्या स्वतः कापशासमोर ठेवतात, आणि किती भरला तो आकडा नातीच्या वहीत लिहायला विसरत नाहीत.