इंजेक्शन थांबल्यावर वजन का परत येते?

मार्च २०२५ मध्ये माऊंजारो हे वजन उतरवणारे इंजेक्शन भारतात आले, तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. दर आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १७,५०० रुपये. डोंबिवलीहून लोकलने कामाला जाणाऱ्याच्या पगारात हे किती दिवस बसणार? औषध थांबते, वजन चढू लागते, आणि घरातलीच माणसे म्हणतात, "जिभेवर ताबा नाही." बाईमाणसाला तर हे जास्तच ऐकावे लागते.

हा दोष खोटा आहे. ही औषधे आतड्यातील संप्रेरकासारखे काम करून भूक मंदावतात. ती थांबली की भूक परतते. शिवाय उतरलेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करते. सेमाग्लुटाइड या अशाच औषधाची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या सरासरीने पाहिले तर १०० किलोचा माणूस ८३ वर आला आणि औषध व मार्गदर्शन दोन्ही थांबल्यावर वर्षभरात ९४ वर गेला.

मग करावे काय? कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात खाई. एकदा तो जेवून धापा टाकतच भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही. जेवणातील मात्रा ओळखण्याची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. त्यासाठी रोज शंभर कहापण ठरवले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला व सडपातळ झाला. संयुत्तनिकायातील ही हकिकत आहे. राजालासुद्धा एकट्याने जमले नाही, हे ध्यानात घ्यावे. आपल्या घरी ते काम मुलगी किंवा नवरा फुकट करील, फक्त टोमणा न मारता.

ताटात भात कमी करून डाळ, मटकी, अंडे, सुकट वाढवावे. पोट जास्त वेळ भरलेले राहते. पाळी सुटल्यावर स्टेशनबाहेरचा वडापाव मोह घालणारच, म्हणून डब्यात दोन मुठी फुटाणे ठेवावेत.

कोपनहेगनच्या संशोधकांना २०२४ मध्ये आढळले की, अशा औषधासोबत नियमित व्यायाम करणाऱ्यांचे वजन औषध थांबल्यावर कमी परतले. म्हणून व्यायाम इंजेक्शन चालू असतानाच सुरू करावा. ठाण्यात तलावपाळी आहे, कल्याणात काळा तलाव आहे. भरभर चालायला फी लागत नाही.

आठवड्यातून एकदा वजन करावे. दोन-तीन किलो वाढताच डॉक्टरांना भेटावे, दहाची वाट पाहू नये. मधुमेहासाठी हे इंजेक्शन घेणाऱ्यांनी मात्र ते आपल्या मनाने मुळीच बंद करू नये, साखर वाढते.