साखळी विपणन योजना आणि नातेसंबंधांचे बाजारीकरण : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा : मित्र, नातेवाईक व सहकारी यांच्यामार्फत पसरणाऱ्या बहुस्तरीय विपणन योजनांचे स्वरूप, त्यांचे गणित, महाराष्ट्रातील काही प्रकरणे व प्रचलित कायदा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या योजनांमध्ये पैशाबरोबरच परस्परविश्वासही खर्ची पडतो आणि लहान जिल्ह्यात ही दुसरी हानी भरून काढणे अधिक कठीण असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बहुस्तरीय विपणन, पिरॅमिड योजना, सामाजिक भांडवल, थेट विक्री, हिंगोली.

प्रस्तावना :

"सर, फक्त दहा मिनिटे द्या, एक चांगला प्लॅन आहे." हे वाक्य ऐकले नाही असा प्राध्यापक आज विरळाच. बोलणारा अनोळखी विक्रेता नसतो. तो जुना वर्गमित्र, चुलत मेहुणा, शेजारच्या विभागातील सहकारी किंवा दोन वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी असतो. त्यामुळे त्याला नकार देणे म्हणजे एखादी वस्तू नाकारणे इतके सोपे राहत नाही. नकार दिला तर नाते दुखावते, होकार दिला तर पैसे अडकतात. या कोंडीची चर्चा आपल्याकडे बहुधा खाजगीत, थट्टेच्या सुरात होते. ती अभ्यासाचा विषय व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना व भेद :

प्रथम तीन संज्ञांमधील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. दुकानाच्या माध्यमाशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी किंवा अन्यत्र जाऊन माल विकणे ही 'थेट विक्री' होय. विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीबरोबरच त्याने जोडलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरही मोबदला मिळत असेल तर ते 'बहुस्तरीय विपणन' ठरते. मोबदल्याचा मूळ आधार मालाची विक्री नसून नवीन सभासदांची भरती हाच असेल तर ती 'पिरॅमिड योजना' होय. पहिल्या दोन पद्धती नियमांच्या चौकटीत कायदेशीर आहेत. तिसरी बेकायदेशीर आहे.

व्यवहारात मात्र तिसरी योजना दुसरीचा वेष घेऊन येते. पावडरीचा डबा, सोन्याचे नाणे, आरोग्याची चकती किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असे काहीतरी पुढे केलेले असते. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये कॉस्कॉट प्रकरणात एक कसोटी मांडली. सभासद पैसे भरून माल विकण्याचा हक्क मिळवतो आणि त्याचबरोबर, अंतिम ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंध नसलेला, भरतीचा मोबदला मिळवण्याचा हक्कही मिळवतो काय, हे त्या कसोटीनुसार पाहावयाचे असते. साध्या भाषेत सांगावयाचे तर साखळीबाहेरचा माणूस तो माल त्या किमतीला विकत घेईल काय, हा प्रश्न विचारावा.

साखळीचे गणित :

एका व्यक्तीने सहा सभासद करावेत व त्या प्रत्येकाने पुन्हा सहा करावेत, अशी योजना गृहीत धरू. पहिल्या पायरीवर ६, दुसऱ्या पायरीवर ३६, तिसऱ्या पायरीवर २१६, चौथ्या पायरीवर १,२९६, पाचव्या पायरीवर ७,७७६, सहाव्या पायरीवर ४६,६५६ आणि सातव्या पायरीवर २,७९,९३६ सभासद लागतात. आठव्या पायरीवर १६,७९,६१६ सभासद हवेत. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. म्हणजे पाचही तालुक्यांतील पाळण्यातल्या मुलापासून वृद्धापर्यंत सर्वांना सभासद केले तरी आठवी पायरी पूर्ण होत नाही.

यातील अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. साखळी कोणत्याही पायरीवर थांबली तरी शेवटच्या पायरीवरील सभासदांच्या खाली कोणीही नसते. वरील उदाहरणात सातव्या पायरीअखेर एकूण सभासद ३,३५,९२३ होतात आणि त्यांपैकी २,७९,९३६, म्हणजे दर सहांपैकी पाच जण, शेवटच्या पायरीवर असतात. 'लेफ्ट-राइट' अशा दोन बाजूंच्या योजनेतही निम्म्याहून अधिक सभासद शेवटच्याच पायरीवर असतात. "मेहनत केली नाही म्हणून तुम्हाला यश आले नाही" असे सेमिनारमध्ये सांगितले जाते. पण बहुसंख्यांचे अपयश त्या रचनेतच असते. सर्वांनी सारखीच मेहनत केली तरी हे प्रमाण बदलत नाही.

येथे आपल्याकडील भिशीशी तुलना उद्बोधक ठरेल. भिशीही ओळखीवरच चालते. तथापि तिच्यात सभासदसंख्या ठरलेली असते, प्रत्येक जण सारखीच रक्कम भरतो आणि प्रत्येकाची पाळी येते. भिशी चालण्यासाठी नवा माणूस लागत नाही. साखळी योजना मात्र नवा माणूस मिळेनासा झाला की त्याच दिवसापासून कोसळू लागते. दोन्हींचा पाया विश्वास हाच असला तरी भिशीत तो फिरून परत येतो, साखळीत तो वरच्या दिशेने निघून जातो.

महाराष्ट्रातील अनुभव :

'स्पीक एशिया' या सिंगापूरस्थित कंपनीचे प्रकरण २०११ मध्ये गाजले. सुमारे ११,००० रुपये भरून सभासद व्हावयाचे, दर आठवड्याला दोन ऑनलाइन सर्वेक्षणे भरावयाची व प्रत्येकी ५०० रुपये मिळवावयाचे, अशी ती योजना होती. सभासद आणल्यास निराळा बोनस होता. वर्षाच्या ५२ आठवड्यांचा हिशोब ५२,००० रुपये होतो. सर्वेक्षणांना बाहेरचा खरा ग्राहक नसेल तर एका सभासदाला हे पैसे देण्यासाठी जवळजवळ पाच नव्या सभासदांचे शुल्क लागणार, हे साध्या भागाकाराने कळते. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने या प्रकरणी गुन्हा नोंदविला. तोवर देशभरातील लाखो लोक सभासद झालेले होते.

मराठवाड्याला अधिक जवळचे प्रकरण 'केबीसी मल्टिट्रेड' या नाशिकच्या कंपनीचे होय. थोड्या वर्षांत रक्कम तिप्पट करण्याचे आमिष आणि नवे सभासद आणणाऱ्यास कमिशन, असे तिचे स्वरूप होते. २०१४ मध्ये तिच्याविरुद्ध गुन्हे दाखल झाले. नाशिकबरोबरच परभणी परिसरातील गुंतवणूकदारही यात अडकले. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासकीय सीमा बदलली तरी सोयरिकी, बाजारपेठा आणि नोकरीतील ओळखी दोन्हीकडे एकच राहिल्या आहेत. अशा योजना याच वाटांनी प्रवास करतात.

अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, मुंबईतील 'टोरेस' दागिन्यांच्या दालनांचे प्रकरण उघडकीस आले. खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा आणि नवा ग्राहक आणल्यास बोनस, हीच रीत तेथेही होती.

जागतिक पातळीवर सर्वांत गंभीर उदाहरण आल्बानियाचे आहे. तेथील सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्येने अशा योजनांत पैसे गुंतविले होते. १९९७ मध्ये त्या कोसळल्यावर देशात अराजक माजले व सुमारे दोन हजार लोक मृत्युमुखी पडले. पर्यायी विश्वासार्ह वित्तव्यवस्था नसलेल्या समाजात या योजना किती खोलवर जातात, हे त्यावरून दिसते.

ओळखीचाच माणूस का ?

समाजशास्त्रज्ञ निकोल बिगार्ट यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात थेट विक्री संस्थांचा अभ्यास केला. अन्य उद्योगांत कुटुंब व मैत्री कामापासून दूर ठेवली जाते, तर येथे तीच व्यवसायाचे साधन होतात, हे त्यांच्या विवेचनाचे एक महत्त्वाचे सूत्र आहे. सेमिनारमध्ये नव्या सभासदाला पहिले काम दिले जाते ते ओळखीच्या शंभर माणसांची यादी करण्याचे. ही यादी म्हणजे त्याचे खरे भांडवल. लग्नाचे आमंत्रण ज्यांना द्यावयाचे, आजारपणात ज्यांच्याकडून उसनवारी घ्यावयाची, तीच ही माणसे असतात.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या यादीचे मोल अधिक आहे. येथे मोठे उद्योग नाहीत. शेतकरी कुटुंबात पैसा हंगामी येतो. सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास, हळदीचा उन्हाळ्यात. मधल्या काळात खत, बियाणे, दवाखाना आणि मुलींची लग्ने यांचा भार पाहुण्यारावळ्यांच्या व मित्रांच्या विश्वासावर पेलला जातो. नियमित पगार असणारा वर्ग लहान असून त्यात शिक्षक व प्राध्यापकांचा भरणा आहे. पदवीनंतर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा तरुण वर्ग मोठा आहे आणि "बॉस कोणी नाही, स्वतःचा व्यवसाय" हे शब्द त्याच्या मर्मावर बोट ठेवतात. सेमिनारमधील टाय, टाळ्या आणि 'लीडर' ही उपाधी त्याला महाविद्यालयात न मिळालेली प्रतिष्ठा देऊ करतात, हेही मान्य केले पाहिजे.

योजना बुडाल्यावर आणखी एक गोष्ट घडते. फसलेला माणूस तक्रार करीत नाही. कारण ज्याने त्याला सभासद केले तो त्याचा भाचा असतो आणि ज्यांना त्याने स्वतः सभासद केले ते त्याचे शेजारी असतात. प्रत्येक जण एकाच वेळी फसलेलाही असतो आणि फसविणाराही. त्यामुळे मुख्य सूत्रधाराकडे बोट जाण्याऐवजी वाद घराघरांत मुरतो. बोलणे बंद होते, आहेर थांबतो आणि पुढच्या अडचणीच्या वेळी उसने मागण्याची वाट बंद होते. बुडालेल्या रकमेत या हानीची नोंद कोठेच होत नाही.

कायदेशीर तरतुदी :

१. बक्षीस चिट्स व पैसा फिरविण्याच्या योजना (बंदी) अधिनियम, १९७८ : सभासदनोंदणीशी निगडित अशा घटनेवर पैसे देण्याचे वचन देऊन झटपट पैसा मिळवून देणाऱ्या योजनांवर हा अधिनियम बंदी घालतो. योजना चालविणे वा तिचा प्रसार करणे याबरोबरच तिचे सभासद होणे व तिच्यासाठी पैसे देणे-घेणे यांनाही तो मनाई करतो. "मी फक्त आयडी घेतली" हा बचाव पुरेसा ठरत नाही. बहुस्तरीय विपणनाच्या एका मोठ्या कंपनीची योजना या व्याख्येत बसते, असे मत आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये व्यक्त केले होते.

२. महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ : ठेवी बुडविणाऱ्या संस्थेची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना रक्कम परत देण्याची तरतूद यात आहे. २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदाही झाला.

३. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ : पिरॅमिड योजनेचा प्रसार करण्यास, तसेच थेट विक्रीच्या नावाखाली पैसा फिरविण्याच्या योजनेत भाग घेण्यास या नियमांनी मनाई केली आहे. विक्रेत्याशी लेखी करार हवा. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय व वेळ ठरविल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. "दुसरे ग्राहक आणा म्हणजे तुमची किंमत वसूल होईल" असे सांगून विक्री करण्यासही मनाई आहे. बहुतेक 'प्लॅन' याच एका वाक्यावर उभे असतात, हे येथे लक्षात घ्यावे.

प्राध्यापक व महाविद्यालय यांची भूमिका :

साखळी योजनांना प्राध्यापक हवा असतो तो त्याच्या पगारासाठी आणि त्याहून अधिक त्याच्या शब्दासाठी. "सरही आहेत" एवढे वाक्य गावातील दहा घरांची दारे उघडते. म्हणूनच प्राध्यापकाचे सभासद होणे ही केवळ वैयक्तिक गुंतवणूक राहत नाही. त्यातही ज्याच्या हाती विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण आहेत त्याने त्याच्यापुढे योजना मांडणे हे सर्वथा अनुचित होय, कारण तेथे नकार देण्याचे स्वातंत्र्यच उरत नाही.

या संदर्भात पुढील गोष्टी करता येतील.

१. नकार योजनेला द्यावा, माणसाला नव्हे. "वस्तू आवडली तर किंमत देऊन घेईन, सभासद मात्र होणार नाही" असे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. "पाहू", "विचार करतो" ही उत्तरे सौजन्याची वाटली तरी ती समोरच्याला महिनोन्महिने खेपा घालावयास लावतात.

२. समोरच्या व्यक्तीला तिचा स्वतःचा वर्षाचा निव्वळ हिशोब मांडण्यास मदत करावी. मिळालेल्या कमिशनातून स्वतः घेतलेला माल, सेमिनारचे शुल्क व प्रवासखर्च वजा केल्यावर काय उरते, हे तिने स्वतः पाहिले की वादाची गरज राहत नाही.

३. गणित, वाणिज्य, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी हा विषय वर्गात घ्यावा. भूमिती श्रेणी शिकविताना वरील सहा-सहाच्या साखळीइतके जवळचे उदाहरण दुसरे मिळणार नाही.

४. महाविद्यालयाचे सभागृह व विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक अशा कंपन्यांना 'व्यक्तिमत्त्व विकास' किंवा 'रोजगार मार्गदर्शन' या नावाखाली देऊ नयेत.

५. साखळीतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याची थट्टा करू नये. लाज वाटली की तो गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्यानेच पुढचा सभासद मिळतो.

निष्कर्ष :

सर्वच थेट विक्री फसवी असते असे म्हणता येणार नाही. तथापि जेथे उत्पन्न मालाऐवजी माणसांच्या भरतीवर अवलंबून असते तेथे बहुसंख्यांचा तोटा गणितानेच निश्चित असतो. कायदा पुरेसा स्पष्ट आहे. परंतु तो तक्रारीनंतर जागा होतो आणि नात्याच्या ओझ्याखाली तक्रारच होत नाही. म्हणून पहिला अडसर कायद्याआधी, ओळखीच्या दोन माणसांमधील त्या दहा मिनिटांच्या संभाषणातच उभा राहिला पाहिजे. तेथे नेमके प्रश्न विचारणारा आणि सौम्यपणे पण ठामपणे नाही म्हणणारा माणूस स्वतःचे पैसे तर वाचवितोच, शिवाय समोरच्याच्या यादीतील उरलेल्या नव्याण्णव नात्यांविषयी त्याला पुन्हा एकदा विचार करण्यास भाग पाडतो.