सुगंध हॉप्सचा, धोका बाटलीचा

आमटीत कोथिंबीर केव्हा घालावी, हे मराठी स्वयंपाकघरात कोणाला शिकवावे लागत नाही. मोहरी, हिंग, हळद आधी फोडणीत जातात. कोथिंबीर मात्र आमटी खाली उतरवताना वरून पेरायची. ती आधीच घालून उकळली, तर तिचा रंगही जातो आणि वासही. घरच्या घरी बिअर तयार करणाऱ्या अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील हौशी मंडळींच्या जगात ‘ड्राय हॉपिंग’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. त्याचे मर्म या कोथिंबिरीपेक्षा फारसे निराळे नाही. मात्र कोथिंबिरीने पातेले फुटत नाही. ड्राय हॉपिंगमध्ये चूक झाली तर बाटली फुटू शकते. म्हणूनच हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करणे हा गुन्हा आहे आणि घरात केलेली बिअर त्याला अपवाद नाही. त्यामुळे पुढील माहिती इथल्या वाचकांसाठी केवळ माहिती म्हणूनच आहे. ज्या देशांत कायद्याने मुभा आहे, तिथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना मात्र ती प्रत्यक्षात उपयोगी पडावी.

मुभा कशी मिळाली?

पाश्चात्त्य देशांतही ही मुभा फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवाना घ्यावा लागत असे. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ च्या अर्थसंकल्पात ती अट रद्द केली. अमेरिकेत १९२० पासून देशव्यापी दारूबंदी होती. ती १९३३ मध्ये उठली, घरी वाइन करण्यास मोकळीकही मिळाली. परंतु घरची बिअर बेकायदाच राहिली. अखेर ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर स्वाक्षरी केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरगुती वापरासाठी बिअर करणे केंद्रीय कायद्याने वैध ठरले. एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, अशी मर्यादा घालण्यात आली. विक्रीला मात्र सक्त मनाई. राज्यांचे कायदे बदलण्यास आणखी वेळ लागला. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली.

त्याच १९७८ साली कोलोरॅडो राज्यातील बोल्डर या गावी चार्ली पापाझियन यांनी आपल्या सहकाऱ्यासह ‘अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. अणुअभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ लोकांना घरी बिअर करण्याचे धडे देत असे. कॅलिफोर्नियातील ‘सिएरा नेव्हाडा’ या प्रख्यात ब्रुअरीचे संस्थापक केन ग्रॉसमन हेही मुळात घरी बिअर करणारे हौशी आणि अशा हौशींना लागणारे साहित्य विकणारे दुकानदार. आज जगभर लहान लहान ब्रुअरींची जी लाट दिसते, तिचा एक उगम असा घराच्या गॅरेजमध्ये आहे.

मोड, काढा आणि आंबवण

बिअरची मूळ प्रक्रिया आपल्याला अपरिचित वाटू नये. नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणीला मोड आणतो आणि ती वाळवतो. बिअरसाठी जवाचे तसेच करतात. त्याला ‘माल्ट’ म्हणतात. मोड आल्याने धान्यात पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी एन्झाइम्स म्हणजेच विकरे तयार होतात. भरडलेले माल्ट सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले की पाणी गोड होते. हा गोड रस गाळून घेऊन सुमारे तासभर उकळतात आणि त्या उकळीतच हॉप्स टाकतात. नंतर तो शक्य तितक्या लवकर थंड करून त्यात यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. इडलीचे पीठ फुगते तेही अशाच सूक्ष्मजीवांच्या कृपेने. आठवडा-दोन आठवड्यांत आंबवण संपते.

हॉप्स ही भांगेच्या कुळातील एक वेल. दोऱ्यांच्या आधाराने ती पाच-सहा मीटर उंच चढते. अमेरिकेतील याकिमा खोरे, जर्मनीतील हालरटाऊ, इंग्लंडमधील केंट हे तिचे प्रसिद्ध प्रदेश. भारतात हिमाचल प्रदेशातील थंड लाहौल खोऱ्यातही तिची लागवड होत आली आहे. या वेलीच्या मादी फुलांच्या पाकळ्यांच्या तळाशी पिवळी, चिकट भुकटी असते. तिचे नाव ल्युप्युलिन. हॉप्सचा सारा गुण या भुकटीत आहे.

ल्युप्युलिनमध्ये दोन प्रकारचे घटक असतात आणि त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. पहिला घटक अल्फा आम्लांचा. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत. पण दीर्घकाळ उकळल्यावर त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि बिअरला कडवटपणा देतात. दुसरा घटक सुगंधी तेलांचा. मिर्सिन, लिनालूल, जिरॅनिऑल अशी त्यांची नावे. लिंबाची साल, गुलाब, आंबा, पाइनचे लाकूड अशा निरनिराळ्या वासांची आठवण करून देणारी ही तेले उकळीच्या वाफेबरोबर उडून जातात. म्हणजे कडवटपणा हवा तर उकळावे लागते आणि सुगंध हवा तर उकळून चालत नाही. यातून मार्ग काढण्यासाठी हॉप्स दोनदा घालतात. एकदा उकळीत, कडवटपणासाठी. आणि दुसऱ्यांदा आंबवण बहुतांशी उरकल्यावर, गार बिअरमध्ये, केवळ सुगंधासाठी. ही दुसरी खेप म्हणजे ड्राय हॉपिंग. वाळलेले हॉप्स न शिजवता तसेच कोरडे टाकायचे, म्हणून हे नाव.

मुंबईला येणारी पिंपे

ही युक्ती आजची नव्हे. इंग्लंडमध्ये बिअरची पिंपे भरताना त्यांत मूठभर हॉप्स टाकण्याची प्रथा जुनीच होती. हॉप्स जंतूंना आवर घालतात. त्यामुळे उष्ण प्रदेशांकडे जाणाऱ्या बिअरमध्ये ते अधिक घालावेत, असा सल्ला अठराव्या शतकातच दिला जात होता. लंडनजवळच्या बो येथील हॉजसन यांच्या ब्रुअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून कोलकाता, चेन्नई आणि मुंबईच्या बंदरांत येत असे. प्रवास कित्येक महिन्यांचा. या फिकट, कडवट बिअरला पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव मिळाले. हॉजसन यांनी खास भारतासाठी ती शोधून काढली, ही कथा मात्र खरी नाही; तशी बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती, भारताच्या व्यापाराने तिला प्रसिद्धी दिली.

विसाव्या शतकात ही कडवट बिअर मागे पडली. तिचे पुनरुज्जीवन अमेरिकेत झाले. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ऑरेगनमधील संशोधन कार्यक्रमातून १९७२ मध्ये ‘कॅस्केड’ ही हॉप्सची नवी जात आली. पपनसासारखा तिचा वास. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अँकर’ ब्रुअरीने १९७५ मध्ये ‘लिबर्टी एल’ या बिअरमध्ये ती ड्राय हॉपिंगसाठी वापरली, आणि घरोघरच्या हौशींना एक नवा छंद लागला.

किती आणि किती दिवस?

घरगुती बिअर साधारणतः १९-२० लिटरच्या मापाने करतात. एवढ्या बिअरला जुन्या पद्धतीच्या सौम्य सुगंधासाठी ३० ते ६० ग्रॅम हॉप्स पुरतात. अलीकडच्या गढूळ, फळांच्या रसासारख्या दिसणाऱ्या ‘हेझी’ प्रकाराला १५० ते २०० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक घालतात. हॉप्स बहुधा दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. त्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या जाळीदार पिशवीत घालून सोडाव्यात किंवा मोकळ्याच टाकाव्यात.

पूर्वी हॉप्स दोन-दोन आठवडे बिअरमध्ये ठेवत. आता असे दिसून आले आहे की बहुतेक सुगंध पहिल्या दोन-तीन दिवसांतच उतरतो. त्यानंतर पाल्यासारखा, गवतासारखा तुरट वास वाढू लागतो. चहाची पूड कपात राहू दिली तर जे होते, तेच. शिवाय हवेतील प्राणवायू हा या सुगंधाचा शत्रू. भांड्याचे झाकण वारंवार उघडून पाहण्याचा मोह टाळावा. उरलेले हॉप्स हवाबंद पाकिटात, फ्रीझरमध्ये ठेवावेत. जुन्या हॉप्सना खवट चीजसारखा वास येतो.

घरात कुत्रा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. हॉप्स खाल्ल्याने कुत्र्याच्या शरीराचे तापमान धोकादायक रीतीने वाढते आणि त्यात त्याचा प्राणही जाऊ शकतो. वापरून टाकून दिलेला चोथाही त्याच्या तोंडाशी लागता कामा नये.

बाटली का फुटते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आंबवण संपली, यीस्ट शांत झाले, साखर उरली नाही, असे समजून हौशी माणूस हॉप्स टाकतो, तीन दिवसांनी बिअर बाटल्यांत भरतो, फेसासाठी प्रत्येक बाटलीत थोडी मोजून साखर घालतो आणि बूच लावतो. काही आठवड्यांनी रात्री कपाटातून आवाज येतो आणि काचा विखुरलेल्या दिसतात. ‘बॉटल बॉम्ब’ म्हणतात ते हेच.

याचे कारण हॉप्समध्येच आहे. बिअरमध्ये डेक्स्ट्रिन नावाची मोठी शर्करा शिल्लक असते. यीस्टला ती पचवता येत नाही. हॉप्सच्या फुलांत मात्र अल्प प्रमाणात अशी विकरे असतात, जी या डेक्स्ट्रिनचे तुकडे करून त्यांची साधी साखर बनवतात. उकळीत टाकलेल्या हॉप्समधील विकरे उष्णतेने नष्ट होतात. ड्राय हॉपिंगमध्ये ती शाबूत राहतात. शांत झालेल्या यीस्टला पुन्हा अन्न मिळते आणि आंबवण सावकाश नव्याने सुरू होते. याला ‘हॉप क्रीप’ असे नाव पडले आहे.

विशेष म्हणजे ही गोष्ट १८९३ मध्येच लिहून ठेवलेली होती. बर्टन या इंग्लंडमधील बिअरच्या गावी काम केलेले रसायनशास्त्रज्ञ होरेस ब्राउन आणि त्यांचे सहकारी हॅरिस मॉरिस यांनी ड्राय हॉपिंगमुळे बिअर पुन्हा का आंबते, याचे कारण हॉप्समधील विकरांत शोधले होते. पुढे ड्राय हॉपिंगच मागे पडले आणि ते संशोधनही विस्मृतीत गेले. शतकभराने हॉप्सचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले, तेव्हा मोठमोठ्या ब्रुअरींनाही हा प्रश्न नव्याने भेडसावू लागला. ऑरेगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅस्केड हॉप्स घातलेल्या तयार बिअरमधील अल्कोहोल एक टक्क्याहून अधिक वाढल्याचे आढळले.

घरच्या माणसाला याचा अंदाज एका साध्या उपकरणाने घेता येतो. दुधातील पाणी ओळखणाऱ्या लॅक्टोमीटरच्या जातीचे हायड्रोमीटर हे ते उपकरण. साखर संपत जाते तशी बिअरची घनता कमी होते. आरंभी १.०५० असलेला आकडा आंबवण संपताना १.०१२ च्या आसपास स्थिरावतो. बाटली बंद केल्यानंतर हा आकडा केवळ ०.००४ ने आणखी घसरला, तरी फेसासाठी योजलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ दुप्पट वायू बाटलीत साठतो. साधी काच एवढा दाब सोसेलच याची शाश्वती नसते.

म्हणून जाणकारांचा नियम असा : हॉप्स घालण्यापूर्वी मोजलेला आकडा विसरावा. हॉप्स काढून घेतल्यावर बिअर सुमारे २० अंशांवर ठेवून पुन्हा मोजावी. आकडा घसरत असेल तर थांबावे. निदान तीन दिवस तो जागचा हलला नाही, तरच बाटल्या भराव्यात. या काळात बिअरला लोण्यासारखा वास येत असेल, तर तोही पुन्हा सुरू झालेल्या आंबवणीचाच परिणाम. यीस्टला वेळ दिला की तो बहुधा निवळतो. बाटल्या बिअरसाठीच बनवलेल्या, जाड काचेच्या असाव्यात आणि भरल्यावर बंद खोक्यात ठेवाव्यात. पहिली बाटली आठवड्याने गार करून उघडून पाहावी. फेस उसळून बाहेर आला तर उरलेल्या बाटल्या हाताळण्यापूर्वी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावावा, त्या थंड कराव्यात आणि मगच एकेक उघडून दाब सोडावा.

दुकानातील बाटलीमागे प्रयोगशाळा असते, दाब मोजणारी यंत्रे असतात. घरातल्या बाटलीमागे असतो तो फक्त करणाऱ्याचा धीर. ज्या मंडळींना कायद्याने ही हौस करता येते, त्यांनी सुगंधाच्या घाईत ते तीन दिवस वाचवू नयेत.