राबणाऱ्याला सगळं जिरतं?

पहाटे कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लासलगावच्या बाजार समितीत रांग धरायची. लिलाव, वजन, हिशोबपट्टी होईपर्यंत दुपार कलते. तोवर पोटात काय? सकाळी मिसळ, मधे वडापाव, जमलं तर भजी, चहा तर मोजायचाच नाही. कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं: "राबणाऱ्याला सगळं जिरतं हो. तेल-मीठ बाधतं ते तुम्हा खुर्चीवाल्यांना."

हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. मुळात बाजाराच्या दिवशी राबतो तो हमाल. ट्रॅक्टरवाला रांगेत बसलेला असतो, खुर्चीऐवजी सीटवर, एवढाच फरक. पण तेही सोडा. जिरतं म्हणजे नेमकं काय? कष्टाने खर्च होतात त्या कॅलरी. मोठा चमचाभर तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी. पोती उचलणारा त्या खर्च करेलही. पण जे पोटात गेलंच नाही, ते कष्टाने कुठून येणार? बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात जेमतेम ३. भाकरीच्या जागी पाव आला की ते तंतू गेले. दिवसभर घाम गाळा, परत येत नाहीत.

मिठाचं म्हणाल, तर घामातून मीठ जातं हे खरं. पण उन्हाची सवय झालेल्या शरीराच्या घामात मीठ कमी उतरतं. शरीरच ते राखून ठेवतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, तोही सपाट. रस्सा, फरसाण, पापड, वड्यासोबतची तळलेली मिरची या सगळ्यांतलं मीठ त्याच चमच्यात बसवायचं असतं. रस्सा तर दुसऱ्यांदा फुकट मिळतो! रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत-खुपत नाही, म्हणून 'मला काही होत नाही' या पुराव्याला अर्थ नाही.

हा एकट्या लासलगावचा दोष नाही. २०१२ साली 'ओबेसिटी रिव्ह्यूज' या नियतकालिकात अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. बाहेर जास्त खाणाऱ्यांच्या आहारात कॅलरी आणि स्निग्धांश जास्त. क जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह कमी. म्हणजे खाणं भरपूर आणि तरी उपासमार.

"पण मिसळीत मटकी असते ना?" असते, आणि मटकी उत्तमच. फक्त फरसाण बाजूला सारून ती किती आहे, हे एकदा चमच्याने शोधून पाहा.

"हॉटेल स्वच्छ आहे, पोट कधी बिघडलं नाही." स्वच्छतेने जुलाब टळतात, मैद्याची भाकरी होत नाही.

"उपवासाला साबुदाणा खिचडी हलकी." साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, जे काही सत्त्व, ते शेंगदाण्यांचं.

"चहाने काय होतं?" दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे १० ग्रॅम. पाच कपांत ५० ग्रॅम, म्हणजे सर्वसाधारण माणसाची दिवसभराची कमाल मर्यादा तिथेच संपली.

"घरचं ते चांगलंच." लोणचं, पापड, खारवलेली मिरची घरचीच असतात, मीठ काही घर बघून कमी होत नाही.

आणि शेवटचा बचाव, खास आमच्याकडचा: "भाजी खातो की, वड्यात बटाटा आहे, मिसळीवर कांदा आहे." रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि त्यात बटाटा धरतच नाही. राहिला कांदा. देशभर कांदा पुरवणाऱ्या गावात तो ताटलीवर चिमूटभर पडतो, आणि भाव चढले की हॉटेलवाले त्यात कोबी मिसळतात. भाजी म्हणून तेवढाच फायदा.